नारळाचा ट्रक

"पंप कुठे उभा होता, मॅडम?"

सरकारी तपासणीवरच्या तहसीन इनामदारने विचारलं आणि ऋतुजा पांचाळने हातातला चहाचा कप खाली ठेवला. प्रश्न अगदी साधा होता. सत्तावीस वर्षांपूर्वी सोनवळ गावी मुलींच्या सरकारी वसतिगृहाचा स्लॅब भरला, तेव्हा काँक्रीट वर चढवणारा पंप इमारतीच्या पुढे होता की मागे, एवढंच सांगायचं होतं.

"फाईल पूर्ण आहे हो," तहसीन म्हणाली. "क्यूबचे रिपोर्ट आहेत, नारळ फोडतानाचा फोटो आहे. तुमची सहीसुद्धा आहे. हे बघा." तिने एक पिवळा पडलेला कागद पुढे सरकवला. 'सर्व ट्रक समक्ष तपासले,' या ओळीखाली चोवीस वर्षांच्या ऋतुजाची टपोरी सही होती. सहीच्या शेजारी तेलाचा असावा तसा एक आरपार दिसणारा डाग. "फक्त ओतकाम कुठून सुरू झालं नि कुठे संपलं, तो नकाशा तेवढा गहाळ आहे. परवा यंत्र लावायचंय. कुठल्या कोपऱ्यात लावू?"

"पंप रस्त्याच्या बाजूला असेल. नेहमी तिकडेच असतो."

"असेल, की होता?"

"इतक्या वर्षांनी शपथेवर कोण सांगणार, बाई?"

तहसीनने मान डोलावली, वहीत 'रस्त्याकडचा कोपरा' असं लिहून घेतलं आणि ती गेली. तिचा विश्वास बसला होता. ऋतुजा पांचाळ यांच्या शब्दावर अख्ख्या नांदेड जिल्ह्याचा विश्वास बसायचा. चहावर साय धरली तरी ऋतुजा तशीच बसून राहिली. तिला सगळं स्वच्छ आठवत होतं. पंप मागे होता. रस्त्याच्या बाजूला चिंचेचं जुनं झाड होतं, त्याच्या फांद्यांत पंपाची नळी अडकायची, म्हणून तो मागच्या अंगाला लावावा लागला होता. पुढे ते झाड तोडलं, आणि तिथे कधी झाड होतं हेही लोक विसरले.

या एका शब्दाला एवढी किंमत का आली, ते सांगायचं तर आधी यंत्राबद्दल थोडं सांगायला हवं.

आकाशातून पृथ्वीवर अखंड एक पाऊस पडत असतो, म्युऑन नावाच्या कणांचा. तुमच्या तळहातावरून मिनिटाला शंभरेक म्युऑन आरपार निघून जातात आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. दगडमातीतून, भिंतीतून ते तसेच जातात, पण जाताना किंचित वळतात. माल घट्ट असेल तर जास्त, पोकळ असेल तर कमी. हे वळणं मोजणाऱ्या पट्ट्या पूर्वी खोलीएवढ्या असत. मग त्या पोळपाटाएवढ्या झाल्या. एक स्लॅबच्या वर, एक खाली लावली की सहा तासांत आतलं चित्र हाती येऊ लागलं.

त्याहून पुढची गंमत वेळेची होती. काँक्रीट घट्ट होताना त्यात सिमेंटचे बारीक स्फटिक वाढतात. दुपारच्या उन्हात ते घाईघाईने, खुरटे वाढतात. सकाळच्या गारव्यात सावकाश आणि लांब. यंत्र ध्वनिलहरी सोडून त्या स्फटिकांची ठेवण वाचतं आणि त्या दिवशीच्या तापमानाच्या नोंदींशी ताडून पाहतं. मग कोणत्या ट्रकचा माल कुठे पडला, किती वाजता पडला, त्यात पाणी किती होतं, सगळं समोर येतं. यंत्राचं सरकारी नाव 'कालवेध' होतं. पण साईटवरच्या लोकांनी त्याचं नाव 'जोशीबुवा' ठेवलं, कारण ते स्लॅबची जन्मपत्रिका मांडायचं.

आणि या जोशीबुवांनी राज्यभर पत्रिका मांडायला सुरुवात केली, तेव्हा एक विलक्षण गोष्ट बाहेर आली. इमारत कुठलीही असो, कंत्राटदार कुणीही असो, बहुतेक स्लॅबचा एकच कोपरा कच्चा निघत होता. जिथे ओतकाम संपलं, तो. आणि ओतकाम लांबच्या टोकापासून सुरू होऊन, नळी आखडत आखडत, पंपाजवळ संपतं.

कारण बांधकामवाल्यांना मनातून ठाऊकच होतं. स्लॅब भरायच्या दिवशी सकाळी पहिला ट्रक येतो. साहेब हजर असतात, इंजिनिअर इस्त्रीच्या कपड्यांत असतात. नारळ फुटतो, फोटो निघतो, आणि त्याच शुभ मुहूर्तावर लोखंडी साच्यांत वीतभर उंचीचे ठोकळे भरून घेतले जातात. हेच ते क्यूब. अठ्ठावीस दिवसांनी प्रयोगशाळेत ते दाबून फोडतात आणि ते ज्या ताकदीला फुटतील ती सगळ्या स्लॅबची ताकद मानतात. नियम असा की मधल्या आणि शेवटच्या ट्रकमधूनही क्यूब घ्यावेत. पण दुपारी साहेब गेलेले असतात, साचे संपलेले असतात, ऊन डोक्यावर असतं आणि पोटात कावळे ओरडत असतात. शेवटच्या ट्रकचा माल उन्हात थांबून आवळतो, नळीतून पुढे सरकत नाही. मग कुणीतरी त्यात पाण्याचा पाइप सोडतो. माल मऊ होतो, पळू लागतो, सगळ्यांचे हात हलके होतात. ते जादा पाणी पुढे उडून जातं, पण जाताना केसांहून बारीक भोकांचं जाळं मागे ठेवून जातं. त्या भोकांतून वर्षानुवर्षं दमट हवा आत शिरते, सळ्या गंजतात, गंजून फुगतात, आणि पंचवीस-तीस वर्षांनी वरचं छत खाली यायला लागतं. म्हणजे राज्यातल्या हजारो इमारतींची ताकद कागदावर लिहिली होती ती नारळाच्या ट्रकची, आणि माणसं राहत होती शेवटच्या ट्रकखाली.

लोकांनी याचा धसका घेतला. फ्लॅटच्या जाहिरातींत 'शेवटच्या कोपऱ्यापासून दूर' असं छापून येऊ लागलं. भावाभावांच्या वाटण्या त्या एका खोलीवरून अडल्या. एका सुनेने म्हणे पत्रिका बघून सासूची खोली बदलून दिली, तिकडे की तिकडून, ते कुणी विचारलं नाही. मग कायदा आला. सार्वजनिक इमारती तपासायच्या, कच्चा कोपरा निघेल तिथे दुरुस्ती करायची, आणि ज्याची सही असेल त्याच्या नावाची दगडी पाटी दारावर कायमची लावायची. कायदा करणाऱ्यांना वाटलं, या धाकाने लोक खरं बोलतील. झालं उलटंच. ओतकामाचे जुने नकाशे भराभर गहाळ होऊ लागले. नकाशा नसला की यंत्र कुठे लावायचं हे कळत नाही, आणि अख्खी इमारत वीतवीत तपासायला एवढी यंत्रं कुठे होती?

ऋतुजा आज ज्या खुर्चीत बसली होती ती नांदेडच्या चाचणी प्रयोगशाळेच्या प्रमुखाची होती. सत्तावीस वर्षांत तिने भरलेला एकही क्यूब नापास झाला नव्हता. लोक तिला 'क्यूबवाल्या मॅडम' म्हणायचे आणि तिला ते आवडायचं.

*

सोनवळचा तो दिवस तिच्या घरात सणासारखा सांगितला जायचा.

मे महिना, सावलीतही त्रेचाळीस अंश. नोकरीला लागून तीन महिने झालेली ऋतुजा पहाटेपासून स्लॅबवर उभी होती. सहाच्या सहा साचे तिने नारळाच्या ट्रकमधून भरले होते. कुणी तिला तसं सांगितलं नव्हतं. आधीचे सगळे तसंच करत आले म्हणून तिनेही केलं. काँक्रीटचा सुपरवायझर होता व्यंकट पांचाळ, सेंट्रिंगच्या, म्हणजे स्लॅबखालचा साचा उभारणाऱ्या सुताराचा मुलगा, एकोणतीस वर्षांचा, हसरा. स्लॅबच्या दिवशी मजुरांना जेवण द्यायची रीत आहे. त्या दिवशी वरण-बट्टी होती. नववा ट्रक आला तेव्हा साडेतीन वाजत आले होते आणि ऋतुजाच्या डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली होती. व्यंकट जवळ आला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही जेवून घ्या. हा शेवटचा ट्रक म्या बघतो."

खाली पत्र्याच्या सावलीत तिच्यासाठी झाकून ठेवलेलं ताट होतं. गरम बट्ट्या, आणि वाटीत वेगळं काढलेलं साजूक तूप. घरापासून दूर, परक्या गावात, कुणीतरी आपल्या भुकेचा विचार केला याचं तिला इतकं अप्रूप वाटलं की पहिला घास घेताना डोळे भरून आले. पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झालं. व्यंकट तिला घरीही 'मॅडम'च म्हणत राहिला. "तुझ्या आईला म्या बट्टीनं जिंकलं," असं तो मुलीला सांगायचा, आणि मुलीने तिच्या साखरपुड्यात ती गोष्ट माइकवरून सगळ्या मांडवाला ऐकवली होती.

आणि आता तहसीनच्या फाईलमधला तो डाग ऋतुजाच्या डोळ्यांपुढून हलेना. तो तेलाचा नव्हताच. तुपाचा होता.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कुणाला न सांगता सोनवळला गेली. वसतिगृह बाहेरून छान दिसत होतं. वर्षाआड रंग द्यायचे. वॉर्डन शेवंताबाई हट्टेकर यांनी तिला वर नेलं. मागच्या कोपऱ्यात अकरा नंबरची खोली. आठ खाटा, आठ ट्रंका, छताला एक मोठं कॅलेंडर चिकटवलेलं.

"कॅलेंडर छताला?" ऋतुजाने विचारलं.

"पडून अभ्यास करताना तारखा दिसाव्यात म्हणून," एक मुलगी म्हणाली आणि बाकीच्या हसल्या. मग त्यातली सर्वांत लहान मुलगी खरं बोलली. "वरून माती पडती मॅडम. डोळ्यात जाती. म्हणून लावलं."

शेवंताबाई अवघडल्या. "तीनदा कळवलं मी वर. गिलावा आहे म्हणतात, करून जातात. पुन्हा पडतो. आणि मागच्या साली याच्याच डोक्यावर पाण्याची मोठी टाकी बसवलीय."

ऋतुजाने विचारलं, "खाट सरकवता येत नाही का?"

"कुठं सरकवू?" ती लहान मुलगी म्हणाली. "मी रोज सकाळी चादर झटकते. आज हे पडलं होतं." तिने उशीजवळून सुपारीएवढा एक तुकडा उचलून दिला. एका बाजूला गंजाचा तांबूस ओघळ होता. ऋतुजाने तो रुमालात बांधला. तिला त्या पोरीचं नावही विचारावंसं वाटलं नाही, इतकी तिला लाज वाटत होती.

*

व्यंकटचं सेंट्रिंगच्या सामानाचं आवार घराला लागूनच होतं. दुपारी तो साच्याच्या लोखंडी प्लेटांना तेल लावत बसला होता. ऋतुजाने रुमाल त्याच्यापुढे सोडला.

त्याने तुकडा उचलला आणि बोटांत चुरडला. पीठ झालं. आयुष्य काँक्रीटमध्ये गेलेल्या माणसाला तेवढं पुरतं.

"कुठला?"

"सोनवळचा. मागच्या कोपऱ्यातला."

"हातोडी मारलीस का?"

"नाही. एका मुलीच्या उशाशी पडला होता."

व्यंकटने हात पुसले. बराच वेळ पुसत राहिला.

"त्या दिवशी शेवटच्या ट्रकात पाणी मारलं होतं तुम्ही?"

"तवा समदेच मारायचे."

"मी सगळ्यांचं विचारत नाही."

"कशाला इचारायलीस आता? सत्तावीस वर्सं झाली." मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्याचा आवाज खाली आला. "ट्रक येताना वाटेतच दीड घंटा उन्हात थांबला व्हता. माल आवळला. पंप काही केल्या धरंना. नळी जाम झाली असती तर कोपरा अर्धाच राहिला असता. मग मारलं पानी. किती ते मोजलं न्हाई."

ऋतुजाला आता एकच गोष्ट विचारायची होती आणि ती विचारायची तिला भीती वाटत होती. सोनवळहून येताना साऱ्या वाटेने तिने तो प्रश्न गिळला होता.

"मला जेवायला कधी पाठवलंत? माल आवळल्यावर, की आधी?"

व्यंकटने तेलाचा डबा बाजूला सरकवला.

"आवळल्यावर," तो म्हणाला. "तू तिथं उभी असतीस तर ट्रक माघारी धाडला असतास. तुझा सोभाव तवाबी असाच व्हता. म्हनून म्हणलं, जेवून घ्या."

ती प्लेटांच्या ढिगावर बसली. तिला रडू आलं आणि ते तिने आवरलं नाही. ज्या घासावर तिने सगळा संसार उभा केला होता, तो घास तिला तिथून हलवण्यासाठी होता.

"पर तूप खरं व्हतं," व्यंकट घाईने म्हणाला. "आयची आन. तूप म्या सकाळीच येगळं काढून ठेवलं व्हतं. ट्रक यायच्याबी आधी."

तिचा त्यावर विश्वास बसला. तेच तर जास्त लागलं. नुसतं खोटं असतं तर टाकून देता आलं असतं.

"माझंही चुकलंच," ती शेवटी म्हणाली. "मला काही कुणी ओढून नेलं नव्हतं. ऊन लागत होतं, भूक लागली होती, आणि तुम्ही विचारलंत ते बरं वाटलं होतं. ट्रक बघितला नाही हे मला माहीत होतं. तरी जेवून उठले आणि 'समक्ष तपासले' म्हणून सही ठोकली. हातसुद्धा धुतले नव्हते."

"आता काय करनार तू?"

"तहसीनला फोन करणार. काल तिला खोटं सांगितलंय."

व्यंकट उठून उभा राहिला. "येडी झालीस का? पाटीवर नाव लागंल तुझं. दगडात. आन तुझ्या बाकीच्या क्यूबांवर कोन इस्वास ठेवील? सारे म्हनतील, हिनं समदे नारळाच्या ट्रकातूनच भरले."

"भरलेच होते की."

"ऐक माझं. म्या उद्याच माणसं घेऊन जातो. खालून ठेपे देतो, वरून चांगला गिलावा करून देतो. कुनाला कळनार न्हाई."

"गिलावाच करत आलेत दरवर्षी," ऋतुजा म्हणाली. "त्या पोरी छताला कॅलेंडर लावून झोपतात, अहो. आपली मुलगी त्या खाटेवर असती तर गिलावा केला असता तुम्ही?"

व्यंकट पुन्हा खाली बसला आणि तेलाचा बोळा हातात घेऊन नुसता पाहत राहिला. ऋतुजाने तिथेच, त्याच्यासमोर, फोन लावला.

"तहसीन, पंप मागे उभा होता."

"मॅडम, काल तुम्ही म्हणालात..."

"खोटं बोलले. अकरा नंबरच्या खोलीत लाव यंत्र. आणि ते लावायच्या आधी मुलींना बाहेर काढ. आजच्या आज."

*

मुलींनी आपापल्या ट्रंका उचलून शाळेच्या हॉलमध्ये मुक्काम हलवला. अकरा नंबरच्या छताला जोशीबुवा चिकटले, टाकी रिकामी केली गेली, आणि सहा तासांनी तहसीनने शाळेच्या ओट्यावर पत्रिका वाचली. नववा ट्रक. दुपारी तीन चाळीस ते चार पाच. पाणी हवं होतं त्याच्या दीडपट. सळ्यांचा तिसरा हिस्सा गंजून गेलेला. "पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकलं नसतं," ती म्हणाली. शेवंताबाईंनी पदर तोंडाला लावला.

तहसीनने फॉर्म काढला. प्रयोगशाळेत असताना क्यूब कसा भरावा हे तिला ऋतुजानेच शिकवलं होतं. "मॅडम, जबाबदार व्यक्तीचं नाव..."

"लिही. ऋतुजा व्यंकट पांचाळ."

"दोन लिव्हा."

व्यंकट फाटकाशी उभा होता. कधी आला ते कुणी पाहिलं नव्हतं. त्या फोननंतर नवरा-बायको एकमेकांशी बोलले नव्हते. मुलींच्या घोळक्यातून वाट काढत तो ओट्यापाशी आला आणि चपला काढून उभा राहिला.

"फॉर्ममध्ये एकच रकाना आहे, काका," तहसीन म्हणाली. "ज्यांची सही आहे त्यांचा."

"सही तिची हाय. पाइप माझ्या हातात व्हता. तिला जेवाया म्याच धाडलं. रकाना नसंल तर रेघ मारा आन बनवा."

तहसीनने रेघ मारली.

पाटी महिन्याभराने लागली, काळ्या दगडात, फाटकाच्या उजव्या खांबावर. आधी दोष, मग तारीख, मग दोन नावं. ऋतुजा एकदाच ती बघायला गेली. दोघांची नावं अशी एकाखाली एक पूर्वी दोनदाच आली होती, लग्नपत्रिकेवर आणि घराच्या दारावर.

खुर्ची गेली. तिने पास केलेल्या सगळ्या इमारतींची फेरतपासणी निघाली. बाजारात ओळखीचे लोक भाजी निवडण्यात फारच गर्क दिसू लागले. पण पाटीची बातमी छापून आली त्याच्या तिसऱ्या दिवशी परभणीकडून एका म्हाताऱ्या इंजिनिअरचा फोन आला. नाव न सांगता तो म्हणाला, "बाई, आमच्या शाळेचा पंप पश्चिमेला होता. कुणाला सांगायचं असतं?" तिने तहसीनचा नंबर दिला. त्यानंतर आणखी एक आला. मग रोज एखाददुसरा येत राहिला. कुणी रडायचे, कुणी आपली बाजू मांडत बसायचे, आणि शेवटी सगळेच एक दिशा सांगून फोन ठेवायचे. तहसीनने त्यासाठी वेगळी वही केली.

घरात मात्र गारठा होता. दोघं एकाच छताखाली राहत होती, कामापुरतं बोलत होती. व्यंकटने तिला 'मॅडम' म्हणायचं सोडलं होतं. तो आता तिला 'ऋतुजा' म्हणायचा, पाहुण्याला हाक मारावी तसं. तिने त्याला माफ केलं होतं की नाही हे तिला स्वतःलाच कळत नव्हतं. आपण कुणाला माफ करायच्या जागेवर आहोत का, तेही कळत नव्हतं.

*

डिसेंबरात कोपरा तोडून नव्याने भरायचा दिवस आला. खालून ठेपे देऊन झाले होते, गंजक्या सळ्या काढून नव्या बांधल्या होत्या. काम दोन ट्रकांचं. तहसीनने ऋतुजाला क्यूब भरायला बोलावलं होतं. पदावर नसली तरी हात तोच होता. मजुरांवर देखरेखीला व्यंकट होता, आपण होऊन आलेला.

सकाळी पहिला ट्रक आला. ती लहान मुलगी नारळ घेऊन धावत आली. तिचं नाव एव्हाना ऋतुजाने विचारून घेतलं होतं, अंजनी. "मॅडम, कधी फोडायचा?"

"आता नाही. शेवटचा ट्रक रिकामा झाला की."

मजुरांनी एकमेकांकडे पाहिलं. असं कुणी करत नाही. पण नारळ कट्ट्यावर राहिला.

दुसरा ट्रक उशिरा आला. तीन वाजून गेले. खाली मजुरांच्या पंगती उठत होत्या, वरण-बट्टीचा वास वरपर्यंत येत होता. ऋतुजा सकाळपासून उपाशी होती आणि आता ती पन्नाशीच्या पुढची होती. ट्रकचा ड्रम फिरत होता. पंप एकदा गुरगुरला, अडखळला. पंपवाला ओरडला, "माल घट्ट हाय! पाइप सोडू का?"

जिन्यावरून व्यंकट वर येत होता. त्याच्या हातात झाकलेलं ताट होतं. पंपवाल्याची हाक त्याने ऐकली आणि तो तिथेच थांबला. ऋतुजाने त्याच्याकडे पाहिलं. सत्तावीस वर्षांत तिने त्याला असं घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

"थेंब टाकायचा न्हाई," व्यंकट खाली वाकून ओरडला. "पंप जमंना तर बंद कर. घमेल्यानं भरू." मग त्याने ताट कट्ट्यावर नारळाशेजारी ठेवलं, बाह्या सरसावल्या आणि मजुरांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. घमेली हातोहात वर येऊ लागली. तास गेला, सव्वा तास गेला. ऋतुजाने शेवटच्या घमेल्यांतून साचे भरले, सळईने ठोसले, वरून थापीने सपाट केले. सहाच्या सहा.

ड्रम रिकामा झाला. अंजनीने नारळ फोडला. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

व्यंकट सिमेंटच्या हातांनी तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "मॅडम," तो म्हणाला आणि त्याने ताटाकडे हात केला.

"आधी हात धुवा," ती म्हणाली. "मीही धुते."

मग दोघं कट्ट्यावर बसली आणि तिने ताटावरचं झाकण काढलं. बट्ट्या पार गार झाल्या होत्या. दोघांनी त्या तशाच खाल्ल्या.